संकटकाळातील राष्ट्रनिर्धार : रायगड, इ. स. १६८९

प्रस्तावना

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडमार्गे रायगडाकडे जाणाऱ्यांच्या मनात प्रामुख्याने १६७४ चा राज्याभिषेक असतो. त्याच गडावर अवघ्या १५ वर्षांनी स्वराज्याची अत्यंत कठोर परीक्षा झाली, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. त्या परीक्षेच्या आधारे राष्ट्रनिर्धाराचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

रायगडावरील निर्णय

फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले. मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांची क्रूर हत्या करविली. त्याच सुमारास इतिकादखानाच्या मोगल फौजेने रायगडास वेढा घातला. गडावर महाराणी येसूबाई, बाल शाहू व राजाराम महाराज होते. सारे राजकुल एकाच वेळी शत्रूच्या हाती पडण्याचा धोका होता. अशा प्रसंगी येसूबाईंनी आपल्या पुत्राच्या हक्काचा आग्रह न धरता दीर राजाराम यांना पुढे केले. एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडले व प्रतापगड, पन्हाळा असा मुक्काम करीत वर्षअखेरीपूर्वी जिंजीस पोहोचले. येसूबाई व शाहू गडावरच राहिले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि दोघेही कैद झाले. शाहूंची सुटका १७०७ मध्ये, तर येसूबाईंची १७१९ मध्ये झाली. एका निर्णयाचे मोल त्यांनी सुमारे ३० वर्षांच्या बंदिवासाने चुकविले.

निर्धाराचे स्वरूप

येथे ‘राष्ट्र’ ही संज्ञा आधुनिक अर्थाने योजणे सयुक्तिक नाही. तथापि, राज्य हे राजाच्या देहाहून व राजधानीहून मोठे आहे, ही जाणीव या निर्णयात स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी सांभाळला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी मोगल फौजांना सतत हैराण केले. १६९८ मध्ये जिंजी पडली, १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले. तरीही ताराबाईंच्या नेतृत्वाखाली लढा चालूच राहिला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला, तेव्हाही मराठ्यांचा बीमोड झालेला नव्हता.

या निर्धाराची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सरदारांना राखण्यासाठी वतने व सरंजाम द्यावे लागले. शिवकालीन धोरणापासून हा मोठा बदल होता. त्यातून लढा टिकला, परंतु मध्यवर्ती सत्ता सैल झाली.

निष्कर्ष

राष्ट्रनिर्धार केवळ रणांगणावरील शौर्यात नसतो. आपला हक्क मागे ठेवणे, जबाबदारी वाटून घेणे आणि तिचे परिणाम दीर्घकाळ सोसणे, यांतूनच तो सिद्ध होतो. रायगडाच्या इतिहासाचे अध्यापन करताना राज्याभिषेकाच्या वैभवाबरोबरच १६८९ मधील येसूबाईंच्या या त्यागाचीही चर्चा वर्गात होणे अगत्याचे आहे.