वालावलचा खटला कुठल्या खंडात?

वालावलच्या जुन्या जमीनवादांवर काम करताय? मग लॉ लायब्ररीत गेल्या गेल्या ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका उपसू नका. मी पडले विज्ञानाची, मी तेच केलं! 1875च्या कायद्यामुळे 1876पासून मुंबई हायकोर्टाचे निवडक निकाल तिच्यात छापले जाऊ लागले. पण वालावलचा कुडाळ भाग तेव्हा सावंतवाडी संस्थानात. हायकोर्टाची हद्द तिथवर नव्हतीच. वाद चालत ते संस्थानच्या न्यायालयांत. म्हणजे 1948च्या विलीनीकरणाआधीचं काही हवं असेल, तर रिपोर्ट नव्हे, संस्थानचं दप्तर धुंडाळायचं. नंतरच्या निकालांना रिपोर्ट चालतील. तिथेही सूचीत ‘सिंधुदुर्ग’ शोधत बसू नका, हा जिल्हा 1981चा. त्याआधीच्या खंडांत ‘रत्नागिरी’ बघा.