बधिर हात पुन्हा कामाला कसा लागला?

सातपाटीत हाताबद्दल बोलायचं म्हणजे जाणकारांपुढे बोलणं आहे. बर्फात मासळी भरताना बोटं बधिर होतात, दोर किती घट्ट धरलाय ते कळत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमची बोटं जरा ऊब मिळाली की जागी होतात. कुष्ठरोगात मज्जातंतूच निकामी झाला, तर ती जागी होत नाहीत. अशा हाताचं पुढे काय करायचं, याचा हा इतिहास.

हान्सेन यांना १८७३ साली या रोगाचा जंतू सापडला. तरी पुढची पाऊणशे वर्षं समज तोच राहिला: या रोगाने बोटं झडतात. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकदा एक गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका रुग्ण मुलाने किल्ली सहज फिरवली. पण त्याचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता! मग ब्रँड एकेका जखमेचा माग काढू लागले. बोटं जात होती ती चटक्यांनी, कापण्याने, नको इतक्या जोराने आणि चिघळलेल्या जखमांनी. रात्री उंदीरसुद्धा कुरतडत. म्हणून रुग्णांना मांजरं दिली गेली.

शस्त्रक्रियेत धडधाकट स्नायूची दोरी दुसरीकडे जोडून आखडलेली बोटं सरळ करता आली. नवी जोडणी वापरायला मेंदूला सरावाने शिकवावं लागे. हालचाल आली, पण स्पर्श परत आला नाही. तेव्हा त्याचं काम डोळ्यांना शिकवलं: धरण्याआधी बघा, गरम भांडं फडक्याने उचला, रोज हात तपासा. वेल्लोरच्या 'न्यू लाइफ सेंटर'मध्ये हे धडे सुतारकाम करता करता दिले जात.

आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्यात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे हात दुरुस्त केले. हात सुधारला तरी त्याला काम कोण देणार? बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारायला घेतलं, तिथे याच हातांनी शेती पिकवली.

पालघर जिल्ह्यात आजही नवे रुग्ण सापडतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. मज्जातंतू वेळेत वाचला, तर डोळ्यांना हे काम शिकवावंच लागत नाही.