वॉटसनच्या बिडाच्या पडवीचं गणित

मुंबईच्या काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची पाच मजली इमारत आहे. जुनं नाव वॉटसन हॉटेल. तिच्याबद्दल बहुधा तीनच गोष्टी सांगितल्या जातात: ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची चलचित्रं इथं दाखवली गेली, मार्क ट्वेन इथं उतरला होता आणि जमशेटजी टाटांना इथं प्रवेश नाकारला गेला. तिसरीला भक्कम पुरावा नाही. मला मात्र या इमारतीच्या लोखंडी पडवीबद्दल लिहायचंय. उद्यमबागेत ओतकामात उमेदीची वर्षं गेल्यामुळे माझी नजर आधी तिकडंच जाते.

जॉन वॉटसन हा मुळात कापड दुकानदार. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात कोटाचे तट पाडून एस्प्लनेडचे भूखंड विकायला निघाले. १८६४ साली वॉटसननं त्यातला एक घेतला, तो कापडाच्या पेढीसाठी. हॉटेलचा विचार नंतरचा. पण इमारतीच्या अंगात दुकान राहिलंच: तळमजल्याला खांबांची पडवी, आत गाळे आणि वर मजल्यागणिक लोखंडी कठड्यांचे सज्जे.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामातही तो होता. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये डर्बीच्या फिनिक्स ओतशाळेत तयार झाले, जहाजानं मुंबईत आले आणि १८६७ ते १८६९ दरम्यान जागेवर जोडले गेले. हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं.

आता गणित बघू. आपल्या जुन्या पेठांत दुकानाचं तोंड किती रुंद ठेवायचं हे भिंत ठरवायची. वरच्या मजल्याचं ओझं दगड-विटांवर, त्यामुळे दारं बेताची. बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा गुण असा की ते दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फारसा नाही. म्हणून खांबाला बीड उत्तम आणि वाकणाऱ्या तुळईला घडीव लोखंड बरं. वॉटसनमध्ये ही दोन्ही लोखंडं वापरून पूर्ण सांगाडा उभा केला. ओझं सांगाड्यावर, विटांची भिंत नुसती मधली जागा भरायला. भिंतीची नोकरीच गेली, म्हणून दर्शनी बाजू एवढी मोकळी ठेवता आली. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला पहिली गगनचुंबी म्हणतात, ती यानंतर पंधरा-एक वर्षांनी आली!

पडवीचं काम दुहेरी. उन्हाचा आणि पावसाचा मारा गाळ्यापर्यंत पोचत नाही आणि गिऱ्हाईक कोरड्या पायांनी दुकानाशी रेंगाळतं. कठड्याची नक्षी मात्र लोक समजतात तितकी महागडी चैन नव्हती. लाकडी पॅटर्न एकदा सुबक कोरला की त्यावरून वाळूत शंभर साचे घ्या. प्रत्येक नगावर वेगळी कारागिरी लागत नाही.

हॉटेल बंद झाल्यावर आत खोल्यांचे तुकडे झाले, सज्जेही जागोजाग बंदिस्त केले गेले. सांगाड्याच्या इमारतीला हे बाधतं. ठरलेल्यापेक्षा जास्त वजन चढतं, पाणी सांध्यांत मुरतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि शेजारच्या बिडाला तडकवतं. बीड वाकून सूचना देत नाही, एकदम तुटतं. जुलै २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून जीवितहानी झाली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही तिचं नाव होतं. पाडा की राखा, हा वाद तेव्हापासून चालूच आहे.

राहणाऱ्यांचा आणि खालून जाणाऱ्यांचा जीव आधी, यात दुमत नको. पण ‘जुनं लोखंड, आता काय करणार’ हे उत्तर मला पटत नाही. दगडी इमारतीपेक्षा इथं एक सोय जास्त आहे: ही वास्तू सुट्या भागांची आहे. टेकू देऊन सडलेला भाग काढता येतो आणि तसाच दुसरा ओतून बसवता येतो. बेळगाव-कोल्हापूरच्या ओतशाळांना हे अवघड नाही.

फक्त एक काळजी घ्यावी लागेल. जुनाच कठडा पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर काम फसेल. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं. नवा नग तेवढा आखूड येईल आणि बोल्टची भोकं जुळणार नाहीत. पॅटर्न मापं घेऊन, आकसण्याची सूट धरून, नव्यानंच करावा लागतो. तेव्हा दुरुस्ती होवो वा न होवो, शाबूत भागांची मापं आणि रेखाटनं आधी करून ठेवायला हवीत. भंगारात गेलेल्या खांबाचं माप मग कुठून आणणार?