लाईटचे वेळापत्रक : पंचवीस वर्षांचा हिशेब

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने विषय वाटले तेव्हा रस्ता, बोअर, कंपाउंड वॉल, गणेशोत्सव हे सगळे आधीच वाटून झाले होते. माझ्या वाट्याला ‘वीज’ आली. बँकेतला माणूस आकडे बरोबर लिहील असा त्यामागे हेतू असावा. तेव्हा आकडे लिहितोच, पण जरा मागून सुरुवात करतो.

आपली संस्था नोंदली गेली २००१ साली. दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडला तोही त्याच वर्षी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पुढची दहा-बारा वर्षे आपण सोसायटीत कसे राहिलो याचा दाभोळशी संबंध होता. राज्यात विजेची मागणी वाढत होती आणि नवीन निर्मिती त्या वेगाने होत नव्हती. ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. बिलावरचे नाव बदलले. भारनियमन तसेच राहिले.

तरुण वाचकांना सांगितले पाहिजे की भारनियमन म्हणजे अचानक लाईट जाणे नव्हे. ते वेळापत्रकाप्रमाणे व्हायचे. सकाळी इतके तास, संध्याकाळी इतके तास, आणि दर काही महिन्यांनी त्यात बदल. आमच्या घरी ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर चिकटवलेले असे. पुढे ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त तिथे भारनियमन जास्त, असे गट पाडले गेले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर थकीत कर्जदारांच्या गावात वेळेवर हप्ता भरणाऱ्यालाही दंड. आपल्यातले बहुतेक जण बिल मुदतीच्या आत भरणारे होते, तरी अंधारात बसायचे ते सगळ्यांबरोबरच.

त्या काळात कॉलनीतले दळण, इस्त्री, मिक्सर, मुलांचा अभ्यास सगळे त्या कागदावर चाले. बोअरची मोटार पहाटे चारला सुरू करावी लागे, कारण सहाला लाईट जाई आणि दोन तासांत टाकी भरायची असे. ती सुरू करायला वॉचमन होता, पण घरातले पिंप, हौद, कळशा भरायला उठायच्या त्या बायकाच. कुणाच्या घरी पहाटे मिक्सर वाजला की शेजाऱ्याला कळायचे, आज यांच्याकडे पाहुणे आहेत. तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत हे आपल्याला नवीन नाही. भट्टी लाकडावर पेटते, पण झालेला खवा टिकवायला थंडी लागते, आणि ती लाईटशिवाय मिळत नाही. ओळखीच्या खवेवाल्यांच्या तोंडी त्या वर्षांत भावापेक्षा फ्रीजरचीच गोष्ट जास्त असे.

शेतकऱ्यांचे हाल याहून मोठे. शेतीपंपाला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, असा आळीपाळीने पुरवठा. आपल्यातल्या ज्यांची शेती आहे त्यांना थंडीत, बॅटरी हातात घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने रात्री पाणी धरणे माहीत आहे. रात्रीच का? कारण कोळशाचे संच रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणे सोपे नसते. गाव झोपले की वीज शिल्लक राहायची आणि ती शेताकडे वळवता यायची. उद्योगांनाही म्हणूनच रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत अनेक वर्षे युनिटमागे दीड रुपया सूट होती, आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा आकार. म्हणजे वेळेनुसार दर ही कल्पना आजची नाही. फक्त ती कारखान्यांपुरती होती. आपल्यापर्यंत आली ती भारनियमनाच्या रूपाने : ठरलेल्या वेळी वीज कुठल्याही भावाने मिळणार नाही, हाही एक दरच म्हणायचा!

२००६ ते २०१० या काळात आपल्याकडे घरोघर इन्व्हर्टर आले. सुरुवातीला दोन-तीन घरांत, मग पगारवाढीबरोबर सगळीकडे. जिन्याखाली ती काळी बॅटरी, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे काम घरातल्या निवृत्त माणसाकडे. भारनियमन हळूहळू ओसरले, बॅटऱ्या राहिल्या.

आता घड्याळ उलटे फिरले आहे. राज्यात सौर प्रकल्प वाढले. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि शेतीला दिवसा वीज द्यायची हे सरकारी धोरण झाले. दुपारी ऊन रणरणते तेव्हा वीज भरपूर, आणि सूर्य मावळल्यावर सगळ्यांनी एकदम दिवे, टीव्ही, पंखे लावले की ओढाताण. म्हणून स्वस्ताईची वेळ रात्रीवरून दिवसावर आली. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली असून ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत जाणार आहे.

योगायोग असा की त्याच १ जुलै २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात घरातल्या बॅटरीवर तीस टक्क्यांच्या आसपास सवलत देणारी सरकारी योजना सुरू झाली. तिथे चाळीस लाखांहून अधिक छतांवर पॅनेल आहेत. दुपारी विजेचे काय करायचे हा प्रश्न, म्हणून ती बॅटरीत भरायची आणि रात्री वापरायची. आपल्यातल्या एका सभासदाचा मुलगा तिकडे असतो. त्याने वडिलांना सुचवले, वडिलांनी कमिटीला सुचवले, आणि सोसायटीसाठी सामाईक सोलर आणि मोठी बॅटरी घ्यावी, खर्च राखीव निधीतून करावा, असा प्रस्ताव यंदाच्या वार्षिक सभेपुढे आहे.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. एक युनिट आठ रुपये धरू. सवलतीत ते ७ रुपये २० पैशांना पडेल. पण बॅटरीत घातलेली सगळी वीज परत मिळत नाही. जुन्या पाण्याच्या बॅटरीत सव्वा युनिट घातले तर एक परत येते असे धरले, तर ते एक युनिट नऊ रुपयांना पडले. चांगल्या लिथियम बॅटरीत दहा टक्के घट धरली तरी बरोबर आठ रुपये. म्हणजे बॅटरी फुकट मिळाली असे समजले तरी हातात शून्य! तिकडे दुपारच्या आणि रात्रीच्या दरातला फरक मोठा, म्हणून तिकडचे गणित जमते. ८० पैशांच्या फरकावर ते जमत नाही.

‘पण आपली बॅटरी सोलरवर भरेल, विकतच्या विजेवर नाही,’ असे प्रस्ताव मांडणारे म्हणतात. रास्त आहे. पण नेट मीटरिंगमध्ये दुपारी जादा झालेली वीज ग्रीडला जाते आणि रात्री आपण घेतो त्यातून ती वजा होते. चालू खात्यात दुपारी भरणा, रात्री उचल. हे खाते मिळत असताना स्वतःच्या घरात तिजोरी कशाला बांधायची? फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून आपल्या सात घरांवर पॅनेल बसले. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त असेल तर ७८ हजार अनुदान. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठीही किलोवॅटमागे १८ हजार आहे. पॅनेल घ्यायला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे.

बॅटरीची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. ग्रीडला जोडलेले साधे सोलर लाईट गेली की आपोआप बंद होते. बाहेर कडक ऊन, छतावर नवे कोरे पॅनेल आणि खाली पंखा बंद, हे त्या सात घरांनी मागच्या पावसाळ्यात पाहिले. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती सोय आहे. ज्यांच्या घरी नेब्युलायझर किंवा ऑक्सिजनचे मशीन आहे त्यांनी बॅटरी ठेवलीच पाहिजे. पण तो विमा आहे. विम्याचा हप्ता भरताना त्यातून व्याज मिळेल असे सांगू नये.

मग स्वस्त दुपार साठवायची कशात? सह्याद्रीत घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचे केंद्र आहे. शिल्लक विजेवर खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. आपली टाकी वीज करणार नाही, पण दुपारी चढवलेले पाणी संध्याकाळी नळाला येते, एवढे तीही करते. आणि तिचे पैसे आपण कधीच फेडले आहेत. तीन अश्वशक्तीची मोटार दोन तास चालली तर साधारण सहा युनिट जातात. पहाटेऐवजी अकराला चालवली तर दिवसाला पावणेपाच रुपये, वर्षाला साडेसतराशेच्या आसपास वाचतील. फार नाहीत. पण त्यासाठी राखीव निधीला हात लावावा लागत नाही. भारनियमन जाऊन इतकी वर्षे झाली तरी आपली मोटार अजून पहाटे चारलाच का सुरू होते, याचे उत्तर मला कुणी देऊ शकले नाही.

हा हिशेब घरी वाचून दाखवला तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘तेव्हा लाईट असेल तेव्हा दळण, आता स्वस्त असेल तेव्हा दळण. मला सवड असेल तेव्हा कधी?’’ यावर आकडा देता येत नाही. नऊ ते पाच घरी असतो कोण? आम्ही पेन्शनर आणि गृहिणी. जी नवराबायको दोघेही नोकरीला जातात त्यांचे वॉशिंग मशीन रात्रीच लागणार, आणि सवलत त्यांच्या वाट्याला जवळजवळ येणारच नाही. भाडेकरूंना छतच नाही. म्हणून माझी सूचना अशी की सामाईक मीटरवर जे वाचेल ते देखभाल वर्गणीत सगळ्या घरांना सारखे वळते करावे, आणि सामाईक पॅनेलचा प्रस्ताव बॅटरीपासून वेगळा करून मतास टाकावा.

सभेला येताना प्रत्येकाने मागच्या बारा महिन्यांची बिले आणावीत. स्मार्ट मीटर बसलेल्यांच्या बिलावर दिवसाचे युनिट वेगळे दिसतात, ते पेन्सिलने अधोरेखित करून आणले तर बेरीज मी तिथेच करून देईन.