वॉटरप्रूफ प्लायवूडचा दरवाजा कसा निवडायचा? आयएस नंबर, बीआयएस केअर ॲप आणि पाणी नेमकं कुठून शिरतं

फोन घेताना आपण आयपी ६८ आहे की नाही ते आधी बघतो. घरात नवीन दरवाजा बसवायचा असला की मात्र दुकानदार म्हणतो, "एकदम वॉटरप्रूफ आहे, काळजीच करू नका," आणि तेवढ्यावर व्यवहार होतो. बहुतेक घरांत "जरा नेटवर बघ रे" हे काम आपल्याच वाट्याला येतं, म्हणून हा लेख. यात प्लायवूडचे ग्रेड, फ्लश डोअर, शिक्का मोबाईलवर तपासायची पद्धत आणि दरवाजाला पाणी खरं कुठून लागतं, हे सगळं सांगतो.

वॉटरप्रूफ म्हणजे नक्की काय?

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, एक उभा एक आडवा असे ठेवून, गोंद लावून गरम प्रेसमध्ये दाबलेली फळी. दुकानात जे एमआर, बीडब्ल्यूआर, बीडब्ल्यूपी असे शब्द ऐकू येतात ते मुख्यतः या गोंदाबद्दल असतात.

एमआर म्हणजे फक्त दमटपणा सहन करणारं. यात साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्याची चाचणी ६० अंश गरम पाण्यात, एका वेळी ३ तास. बीडब्ल्यूआरमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि त्याला एका वेळी ८ तास उकळतात. हे दोन्ही ग्रेड आयएस ३०३ या मानकात येत आले आहेत. बीडब्ल्यूपी, म्हणजे ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात, त्याचं मानक आयएस ७१०. त्याचे तुकडे ७२ तास उकळून मग पापुद्रे सुटतात का ते बघतात.

आता महत्त्वाचं. ७२ तास उकळूनही गोंद सुटला नाही, याचा अर्थ लाकूड पाणी पीत नाही असा नाही. लाकूड पाणी पिणारच, फुगणारच. चांगल्या प्लायवूडमध्ये ते फुगतं आणि वाळल्यावर परत जागेवर येतं, थर सुटत नाहीत. हलक्या प्लायवूडमध्ये गोंदच विरघळतो आणि कड फुलून भजीसारखी होते. फोनचंही तसंच आहे ना? आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही साध्या गोड्या पाण्यात. रोज साबणाच्या पाण्यात बुचकळून काढायचा परवाना नव्हे तो.

दरवाजासाठी ७१० नाही, २२०२ बघा

इथे बरेच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुकानात गेलात की दरवाजा दाखवून "७१० आहे" असं सांगतात. पण आयएस ७१० हे प्लायवूडच्या शीटचं मानक आहे. तयार लाकडी फ्लश डोअरचं स्वतःचं वेगळं मानक आहे, आयएस २२०२. "७१० चा दरवाजा" याचा फार तर अर्थ इतकाच की वरचा प्लाय किंवा गोंद त्या दर्जाचा आहे. आतमध्ये काय भरलंय याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

फ्लश डोअरच्या आत चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांची चौकट असते. मधे लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंनी प्लाय किंवा व्हेनिअर चिकटवलेलं असतं. याला सॉलिड कोअर म्हणतात. स्वस्त दरवाज्यात आतल्या पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी असतात. बोटांच्या पेरांनी वरपासून खालपर्यंत ठोकत या. आवाज एकसारखा भरीव आला पाहिजे. मधेच ढब् असा पोकळ आवाज आला तर तिथे फट आहे. नेमकी कुलपाच्या किंवा बिजागरीच्या जागी असेल तर स्क्रू धरणार नाही.

२२०२ मधली एक चाचणी मला फार आवडते, कारण ती बाथरूमच्या दाराचीच गोष्ट आहे. दरवाजा उभा धरून त्याचा खालचा ३० सेंटिमीटर भाग २४ तास पाण्यात बुडवतात, मग २४ तास वाळवतात. असं ८ वेळा. त्यानंतर थर सुटले तर दरवाजा नापास. दार आपटून बघायची चाचणीही त्यात आहे. हे सगळं पास झालेल्या दरवाजाला २२०२ चा शिक्का मिळतो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "काका, यावर २२०२ चा आयएसआय मार्क कुठे आहे?" प्रश्न ऐकल्यावर तो काय करतो त्यावरूनच बरंच कळतं.

आणखी एक. काही सुतार १८ किंवा १९ एमएमची प्लायवूडची शीट कापून त्याचाच दरवाजा करू म्हणतात. कपाटाच्या छोट्या दाराला ठीक. पण सात फुटांच्या दरवाजाला नको, एकेरी शीट काही महिन्यांत वाकते आणि मग वरचा कोपरा चौकटीला टेकतच नाही. शीट मरीन असली तरी वाकते. फ्लश डोअर २५, ३० आणि ३५ एमएम जाडीत मिळतात. माझं मत विचाराल तर आतल्या खोल्यांना ३० आणि मुख्य दाराला ३५ घ्या, २५ च्या नादी लागू नका.

मोबाईलवर शिक्का कसा तपासायचा?

खऱ्या आयएसआय मार्कमध्ये तीन गोष्टी असतात: वर आयएस नंबर, मधे ती ओळखीची आयएसआयची खूण आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. नुसतं "आयएसआय टाइप", "७१० ग्रेड" किंवा "ॲज पर आयएस" छापलेलं असेल आणि खाली सीएम/एल नंबर नसेल, तर तो शिक्का नाही, जाहिरात आहे.

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून बीआयएस केअर हे भारतीय मानक ब्यूरोचं मोफत ॲप घ्या. त्यात व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स हा पर्याय उघडून सीएम/एल च्या पुढचे आकडे टाका. जुने नंबर ७ अंकी आणि नवे १० अंकी असतात. लायसन्स कोणाच्या नावावर आहे, कोणत्या मानकासाठी आहे, चालू आहे की संपलंय, हे स्क्रीनवर दिसतं.

फक्त नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका. मानक, ब्रँड आणि लायसन्स चालू असणं, तिन्ही जुळलं पाहिजे. नंबर खरा पण तो ३०३ साठीचा, आणि दरवाजावर छापलंय ७१०, असं निघालं तर सोडून द्या. २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्लायवूड आणि लाकडी फ्लश डोअरसाठी आयएसआय मार्क सक्तीचा करणारा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढला आहे. त्यामुळे "मार्कवाला माल महाग पडतो, बिनमार्कचाही तसाच असतो" हे आता ऐकून घ्यायचं कारण नाही. चुकीचा मार्क सापडला तर त्याच ॲपवरून तक्रार करता येते.

एक युक्ती लक्षात ठेवा. लॅमिनेट किंवा रंग लागला की शिक्का झाकला जातो. म्हणून माल घरी उतरला की सुतार हात लावायच्या आधी प्रत्येक दरवाजाच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि बिलावर मानकाचा नंबर लिहून घ्या. माझ्या मावशीच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दोन पावसाळ्यांत बाथरूमचं दार खालून फुललं. बिलावर नुसतं "दरवाजा, नग ३" असं होतं. दुकानदार म्हणाला, हा माझा मालच नाही. पुढे काय बोलणार!

फोनचा टॉर्चही कामाला येतो. दरवाजा आडवा ठेवून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका धरा, वरून नाही. आतल्या पट्ट्यांचे उंचवटे आणि खड्डे सावलीत लगेच दिसतात. माप घ्यायला मात्र फोनचं ॲप वापरू नका, साधी टेप घ्या. मापाला जवळचा तयार दरवाजा मागवा. फार कापावा लागला तर कडेची लाकडी पट्टीच निघून जाते आणि आतला भाग उघडा पडतो.

पाणी कुठून शिरतं?

समोरून नाही. समोर लॅमिनेट किंवा रंग असतो, त्यावरचं पाणी ओघळून जातं. पाणी शिरतं खालच्या कडेतून, जी कोणालाच दिसत नाही. खात्री करायची असेल तर आत्ताच घरच्या बाथरूमच्या दाराखाली फोन सरकवून, फ्लॅश लावून फोटो काढा. बऱ्याच घरांत तिथे कोरडं, बिनरंगाचं लाकूड दिसेल.

असं का होतं? सुतार दार बसवतो, ते फरशीला घासतं, मग तो खालून रंधा मारतो आणि परत टांगतो. रंगारी येतो तेव्हा दार टांगलेलं असतं, त्यामुळे त्याचा ब्रश खाली पोचत नाही. कारखान्यातून कितीही चांगलं आलेलं दार इथे उघडं पडतं. दुरुस्तीसाठी फोन उघडला की आतलं सील जातं आणि आयपी रेटिंगचा भरवसा राहत नाही, अगदी तसंच. कुलपासाठी पाडलेलं भोक आणि बिजागरीची खाच याही अशाच उघड्या जागा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दार घट्ट होतं आणि लोक जुलैत सुतार बोलावून रंधा मारून घेतात. हे टाळा. हिवाळ्यात तेच दार आकसतं आणि फट पडते. वर रंधा मारलेली कड तशीच राहिल्यामुळे पुढच्या वर्षी दार आणखी फुगतं. रंधा मारायचाच असेल तर पाऊस संपल्यावर, दार वाळल्यावर मारा, आणि लगेच कड बंद करा.

कड बंद करायची म्हणजे: दार उतरवून आडवं ठेवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, वूड प्रायमर लावायचा आणि त्यावर ऑइल पेंट किंवा पीयूचे दोन हात. खालची कड पाणी जास्त ओढते, तिथे तिसरा हात द्या. कुलपाच्या भोकाच्या आतही ब्रश फिरवा. लॅमिनेट लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावा, एकाच बाजूला लावलं तर दार धनुष्यासारखं वाकतं. खालच्या भागाला ॲल्युमिनियमचा पत्रा मारायची पद्धत आहे, ती चांगली. पण आधी लाकूड सील करून आणि पत्र्याच्या वरच्या कडेला सिलिकॉन भरून. नाहीतर पत्र्यामागे शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

प्लायवूड नकोच, असं कधी?

शॉवरचं पाणी रोज थेट दारावर उडतं अशा छोट्या बाथरूमला मी प्लायवूड सुचवणार नाही. तिथे डब्ल्यूपीसी, पीव्हीसी किंवा एफआरपीचं दार घ्या. डब्ल्यूपीसीला वाळवी लागत नाही आणि ते फुगत नाही, पण ते वजनदार असतं आणि स्क्रूची पकड लाकडाइतकी नसते. दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावून घ्या. चौकटही लाकडाऐवजी ग्रॅनाइटची केलीत तर उत्तम, कारण दार टिकलं तरी लाकडी चौकटीचे पाय कुजतातच.

आणि दार आधीच खालून फुललं असेल तर? रंग मारून काही होत नाही, ओल आत राहते. दार उतरवून आठवडाभर हवेशीर जागी वाळवा. थर सुटलेले नसतील तर वर सांगितल्याप्रमाणे कड सील केली की काम भागतं. थर सुटले असतील आणि वरचा भाग ठोकल्यावर भरीव वाजत असेल, तर सुतार खालचा कुजलेला भाग कापून तिथे डब्ल्यूपीसीची पट्टी जोडून देतो. वर लॅमिनेट किंवा पत्रा मारला की जोड दिसतही नाही. कुलपापर्यंत ओल चढली असेल तर मात्र दुरुस्तीवर खर्च करू नका, दारच बदला.