म्हैसमाळकडे तोंड करून

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण कोपरगावच्या छपरांना त्याचा उपयोग नव्हता. सरळ रेषेत मुंबई इथून सुमारे दोनशे किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. पुण्याला १९७३ मध्ये केंद्र मिळालं. तिथला मनोरा सिंहगडावर असूनही कोपरगाव त्याच्या टप्प्याबाहेरच राहतं. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. पृथ्वीची गोलाई आड आली की चित्र विरतं.

सोयीचा डोंगर होता पूर्वेला. खुलताबादजवळचं म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास उंच, तिथे दूरदर्शनचा मनोरा, आणि कोपरगावपासूनचं अंतर पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर. म्हैसमाळचा डोंगर उतरला की वैजापूरचा सपाट मुलूख लागतो, तो गोदाकाठापर्यंत. वाट मोकळी, पण अंतरामुळे सिग्नल क्षीण. अशा गावात अँटेना कसाही उभा करून चालत नाही.

काड्यांचा तो अँटेना १९२६ च्या सुमारास जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी घडवला. मागची काडी थोडी लांब, पुढच्या आखूड; आखूड बाजू मनोऱ्याकडे. पुढच्या काड्या वाढवल्या की अँटेना दूरचं पकडतो, पण मग दिशाही नेमकी लागते. म्हणून तर २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झाल्यावर गावोगाव रविवारी सकाळी एक जण छपरावर पाइप फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा: “आलं, आलं! थांब, मुंग्या आल्या, थोडा मागं घे!”

या फिरवाफिरवीत खरं तंत्रज्ञान होतं, आणि गावाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायलाच हवी. पडद्यावर एकाची दोन माणसं दिसली, तर लहर टाकीवर किंवा इमारतीवर आपटून उशिरा पोचते आहे, हे अँटेना लावणारे ओळखत. उपाय बूस्टर नव्हे. दिशा किंवा जागा बदलणं. मुंग्या असतील तर आधी पाइपची उंची वाढवायची, पावसाळ्यानंतर गंजलेले स्क्रू घासायचे, चपटी वायर लोखंडी पाइपापासून दूर धरायची. बूस्टर लावलाच तर वर, अँटेनाजवळ. खाली टीव्हीशी लावला की वायरीत हरवलेला सिग्नल परत येत नाही, मुंग्या मात्र जोमाने वाढतात.

पुढे केबल आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवाही आली. २०१६ मध्ये दूरदर्शनने ज्या १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं त्यांत औरंगाबाद होतं, पण त्यासाठी टीव्हीत नवा ट्यूनर लागायचा आणि तोवर बहुतेक घरांनी काड्या उतरवल्या होत्या. २०२२ पर्यंत देशातली जवळपास सगळी जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं बंद झाली. मोफत डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे कोपरगावात आज ती डिश बसवणारा म्हैसमाळकडे पाहत नाही, आग्नेयेचं आकाश मोकळं आहे का ते पाहतो.