पालघर किनारा : चक्रीवादळाचा धोका आणि मालमत्ता

पालघर जिल्ह्यातील झाई-बोर्डीपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर घरे, जमिनी आणि बागायतींना समुद्राचा धोका दोन वाटांनी येतो : चक्रीवादळ आणि किनाऱ्याची धूप. वादळाची बातमी होते, पंचनामे होतात, थोडीफार मदतही मिळते. धूप दर पावसाळ्यात थोडी थोडी होते आणि तिची दखल फारशी कोणी घेत नाही. मालकीच्या दृष्टीने मात्र धूपच अधिक घातक आहे. वादळात घर पडले तरी जागा राहते, धूप जागाच नेते.

किनाऱ्यालगत सातपाटी, वडराई, मुरबे, नवापूर, वरोर, वाढवण अशी मच्छीमार गावे आहेत. केळवे-माहीम परिसरात पानवेलीच्या व नारळाच्या वाड्या, तर डहाणू-घोलवड भागात चिकूच्या बागा आहेत. बोईसर शहर आणि तारापूर औद्योगिक वसाहत किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत आहेत. तिथल्या सदनिकांना लाटांपेक्षा वाऱ्याचा, पावसाच्या तुंबलेल्या पाण्याचा आणि वीज जाण्याचा त्रास अधिक.

अरबी समुद्रातील चक्रीवादळे बहुधा ओमानकडे जातात किंवा वळून गुजरात गाठतात. त्यामुळे उत्तर कोकणाला थेट तडाखा क्वचित बसतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला वादळाने झोडपले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ मुंबई-अलिबागदरम्यान जमिनीवर आले. ‘निसर्ग’च्या वेळी पालघर जिल्ह्यातही किनाऱ्यावरील हजारो लोकांना हलवण्यात आले होते, पण ३ जून २०२० रोजी ते रायगडात श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ शंभरावर किलोमीटर दुरून गुजरातकडे गेले, तरी मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले. भरकटलेला ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा सातपाटी-वडराईसमोर खडकात अडकला आणि त्यावरील १३७ जणांची सुटका करावी लागली. थोडक्यात, अलीकडच्या वादळांनी या किनाऱ्याला चाटून वाट बदलली आहे. याला संरक्षण समजणे चूक ठरेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी, तर अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी वाढली. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वाढणे हे यामागचे प्रमुख कारण मानले जाते.

येथील भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि खंभातच्या आखाताकडे जावे तसा हा फरक वाढत जातो. वादळाने फुगवलेले पाणी ओहोटीच्या वेळी आले तर उघड्या खडकाळ पट्ट्यावरच विरते. तेच भर उधाणात आले तर कोळीवाड्यात शिरते. ‘तौक्ते’ वैशाख शुद्ध पंचमीला आले, म्हणजे अमावास्येचे उधाण ओसरून समुद्र भांगाकडे (लहान भरतीकडे) झुकला होता. ‘निसर्ग’च्या वेळी वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळ आले होते. तिथी आणि तास यांवर नुकसानीचा आकडा इतका अवलंबून असल्याने एखाद्या वादळात घर वाचले यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही.

घर किती टिकेल हे बहुतांशी छपरावर ठरते. पत्र्याचे छप्पर मधोमध क्वचित फाटते. वारा वळचणीखाली शिरतो आणि कडेचा पत्रा आधी उचलतो. पत्रा वाशाला धरून ठेवणारे हुक खाऱ्या हवेत काही वर्षांत गंजतात, वायसरभोवतीचे भोक मोठे होते आणि पहिल्या जोरदार झोताला पत्रे एकामागून एक सुटतात. कडेच्या रांगेत जवळजवळ लावलेले, न गंजणारे हुक हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो क्वचितच केलेला दिसतो.

इमारतींसाठी वाऱ्याचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानकात (८७५, भाग ३, २०१५) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. याच मानकात चक्रीवादळ पट्ट्यासाठी वाढीव गुणक आहे : कारखान्यांना १.१५ आणि वादळानंतरही चालू राहिलीच पाहिजेत अशा इमारतींना १.३०. मात्र हा ६० किलोमीटर रुंदीचा पट्टा पूर्व किनारा आणि गुजरात यांपुरताच आहे. त्यामुळे झाईपलीकडच्या, गुजरातमधील उंबरगावातील कारखान्याला जो गुणक लागतो, तो तारापूरच्या रसायन कारखान्याला लागत नाही. वादळाला राज्याची हद्द कळत नाही, पण मानक तिथेच थांबते.

किनाऱ्यावरील बांधकाम सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी, बोलीत ‘सीआरझेड’ने, बांधलेले आहे. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, नंतरच्या २०११ आणि २०१९ च्या. २०१९ च्या अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर विरळ भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. याच अधिसूचनेने आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते. पूर, धूप व समुद्रपातळीचा विचार करून आखलेली धोकारेषा तिने आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून ठेवली, बांधकाम रोखणारी मर्यादा म्हणून नव्हे.

या नियमांत मच्छीमारांची मोठी अडचण कागदाची आहे. ना-विकास क्षेत्रात अधिकृत घराची मूळ जोत्यावर पुनर्बांधणी करता येते. परंतु कोळीवाड्यांतील अनेक घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंदीपलीकडे आधार नसतो. ही नोंद कर आकारणीसाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. पिढ्यानपिढ्यांचे घर वादळात पडले की ते ‘अधिकृत’ होते का हा प्रश्न मालकापुढे प्रथमच उभा राहतो. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी म्हणूनच जुनी आहे. आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींना शासकीय परवानगीशिवाय विकता येत नाहीत, हे बाहेरच्या खरेदीदारांवरील आणखी एक बंधन.

नुकसानभरपाईची चौकट तोकडी आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ व पूर येतात आणि मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या किमतीचा नाही. शिवाय जमीन खचण्याच्या संरक्षणातून किनाऱ्याची वा नदीकाठची धूप स्पष्टपणे वगळली आहे. सातपाटीसारख्या गावात धूपप्रतिबंधक बंधारा ढासळून मागची जमीन खचली, तर पॉलिसी हातात असूनही दावा टिकत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडात विमा महागला की घर विकणे अवघड होते, कारण विम्याशिवाय गृहकर्ज मिळत नाही. १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर तिथे अनेक विमा कंपन्या बुडाल्या आणि २००२ मध्ये राज्याला ‘सिटिझन्स’ ही स्वतःची विमा कंपनी उभी करावी लागली. पालघरमध्ये धोक्याचा इशारा देणारी अशी बाजारयंत्रणाच नाही. वाड्या आणि कोळीवाड्यातील घरे वारशाने येतात, गृहकर्जावर घेतली जात नाहीत, आणि घराचा विमा घेण्याची सवय नाही.

भावांना चालना देणारी कारणे वेगळी आहेत. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. अशा केंद्राभोवती पाच किलोमीटरपर्यंत वस्तीवाढीला आवर घातला जातो, त्यामुळे किनाऱ्याचा तेवढा भाग दाट बांधकामापासून वाचला. उलट दिशेने ओढणारा प्रकल्प वाढवण बंदराचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. त्यात सुमारे १,४४८ हेक्टर भराव आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत आहे. अशा भिंतीमुळे लाटांची दिशा व वाळूची वाट बदलते. एका बाजूला वाळू साठली की दुसऱ्या बाजूला किनारा झिजतो. आपल्या गावांपुढे हेच होईल ही मच्छीमारांची भीती निराधार नाही. बंदर, बोईसरचे बुलेट ट्रेन स्थानक आणि मुंबईकरांची दुसऱ्या घराची हौस यांमुळे जागांची मागणी वाढते आहे.

सात-बारा उताऱ्यावर भरतीरेषा दिसत नाही. ती पाहायची तर १:४००० प्रमाणाच्या सीआरझेड नकाशावर गट क्रमांक बसवून घ्यावा लागतो. धोकारेषेचा नकाशा मात्र खरेदीखताची नोंदणी करताना जोडावा लागत नाही.